मिलिमीटरवर मोजायची हवा

भिवंडीजवळच्या वळ, दापोडे, मानकोली या पट्ट्यात गोदामांची रांग संपता संपत नाही. तिथून माल भरून निघालेला ट्रक खड्ड्यांतून डुलत, दबकत जातो. तोच ट्रक माल उतरवून रिकामा परतताना त्याच खड्ड्यांवर धाडधाड आपटतो आणि मागचा हौदा उडत राहतो. खड्डे तेच, हौद्याखालचे स्प्रिंगचे पाटेही तेच. बदललेलं असतं फक्त वजन. पाटे भरल्या ट्रकच्या हिशेबानं बनवलेले असतात, रिकाम्या ट्रकला ते फार कडक पडतात.

शिवनेरी बसच्या प्रवाशांना हा त्रास जाणवत नाही. व्होल्व्हो बसच्या खाली पाट्यांऐवजी हवेनं भरलेले रबरी फुगे असतात. गॅरेजमध्ये त्यांना बलून म्हणतात. प्रवासी चढले आणि बस खाली बसू लागली, की उंचीवर लक्ष ठेवणारा एक व्हॉल्व्ह कॉम्प्रेसरची हवा फुग्यांत सोडतो. प्रवासी उतरले की जादा हवा बाहेर काढतो. चाळीस माणसं असोत की चार, बसची उंची तेवढीच राहते. अमेरिकेत जनरल मोटर्सनं १९५३ साली अशा बस रस्त्यावर आणल्या.

माउंटन बाईकच्या मागच्या एअर शॉकमध्ये हेच तत्त्व काम करतं, मात्र तिथे हवेवर लक्ष ठेवणारा व्हॉल्व्ह नसतो. ते काम स्वारालाच करावं लागतं, आणि नेमकं तेच राहून जातं. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या बाजूला किंवा येऊरच्या वाटांवर लाखाच्या वर किंमत मोजून घेतलेली सायकल दुकानातून आली तेवढ्याच हवेवर फिरवली, तर ५५ किलोच्या मुलीला ती दगडासारखी लागते आणि ८५ किलोच्या गड्याखाली ती प्रत्येक उडीला तळ गाठते. दोघंही दोष सायकलला देतात.

हवेला स्प्रिंगसारखं वागता येतं, याचं कारण रॉबर्ट बॉइलनं १६६२ मध्ये मांडलेल्या नियमात आहे. तापमान तेच राहिलं तर हवेचं आकारमान निम्मं केल्यावर तिचा दाब दुप्पट होतो. लोखंडी कॉइल प्रत्येक मिलिमीटरला साधारण सारखाच जोर वाढवत जाते. हवेचं तसं नसतं. सुरुवातीला ती मऊ असते, पण जागा संपत आली की तिचा प्रतिकार झपाट्यानं चढतो. त्यातही धक्का जोराचा आणि क्षणार्धातला असेल, तर दाबलेल्या हवेतली उष्णता बाहेर पडायला वेळच मिळत नाही. अशा वेळी आकारमान निम्मं झालं तर दाब दुप्पट न होता सुमारे २.६ पट होतो. त्यामुळे सावकाश दाबताना मवाळ वाटणारा शॉक दगडावर आदळताना बराच खंबीर निघतो.

शॉकमधल्या दाबाचा आकडा पाहून नवखा माणूस दचकतो. मोटारीच्या टायरमध्ये ३० ते ३५ पीएसआय हवा पुरते, मग या मुठीएवढ्या डब्यात दीडशे-दोनशे कशाला? उत्तर तरफेत आहे. समजा, मागचं चाक १३० मिलिमीटर वर-खाली होतं आणि शॉकचा दांडा ५० मिलिमीटर आत जातो. म्हणजे चाक दांड्याच्या २.६ पट हलतं, आणि तेवढ्याच पटीनं शॉकवरचा भार वाढतो. चाकावर ४५ किलो पडले, तर शॉकला सुमारे ११७ किलो पेलावे लागतात.

पीएसआयचा आकडा ही फक्त सुरुवात. फॉक्स कंपनी सांगते, की स्वाराचं वजन पौंडांत जेवढं, तेवढे पीएसआय आधी भरा. बूट, हेल्मेट आणि पाण्याची पिशवी धरून कुणी ७५ किलो भरत असेल, तर साधारण १६५. पण खरा निकाल लागतो तो मिलिमीटरवर. स्वार नुसता बसल्यावर शॉक जितका दबतो, त्याला सॅग म्हणतात. डोंगरवाटांच्या सायकलला हा सॅग दांड्याच्या पल्ल्याच्या ३० टक्क्यांच्या आसपास लागतो, शर्यतीच्या क्रॉस-कंट्री सायकलला थोडा कमी. ५० मिलिमीटरच्या शॉकला ३० टक्के म्हणजे १५ मिलिमीटर. एवढं दबून राहायचं कशासाठी? चाकाला वर जायला जशी जागा हवी, तशी खड्ड्यात खाली उतरायलाही हवी. सॅग नसेल तर खड्ड्यावरून जाताना चाक हवेत लटकतं, आणि जमिनीला न टेकलेल्या चाकाला ना ब्रेक लागतो, ना वळण घेता येतं.

मोजण्याची पद्धत सोपी आहे, फक्त घाई चालत नाही. शॉकवरचा लॉकचा खटका पूर्ण उघडा ठेवायचा. हँडल कुणीतरी धरावं किंवा कोपर भिंतीला टेकवावं. नेहमीच्या सगळ्या सामानासह स्वारानं बसावं आणि दांड्यावरची रबरी रिंग डब्याच्या तोंडाशी असलेल्या सीलपर्यंत सरकवून घ्यावी. मग न हिंदकळता, ब्रेक न दाबता हळूच उतरावं. सील आणि रिंग यांच्यामध्ये जे अंतर दिसतं, तोच सॅग. १२ मिलिमीटर आला तर ५-१० पीएसआय सोडायचे, १८ आला तर भरायचे, आणि पुन्हा बसून बघायचं.

इथे दोन गोष्टी फसवतात. बहुतेक शॉकमध्ये मुख्य कप्प्याच्या उलट बाजूला हवेचा एक छोटा कप्पा असतो. सुरुवातीचा ताठरपणा तो घालवतो. पंपानं भरलेली हवा तिथे आपोआप पोचत नाही. शॉक आठ-दहा वेळा सावकाश दाबला, की दोन्ही कप्प्यांतला दाब सारखा होतो आणि पंपावरचा काटा खाली येतो. ही गळती नव्हे. पुन्हा हवा भरून आकडा गाठायचा असतो. दुसरी गोष्ट पंपाची. पंप लावताच शॉकमधली थोडी हवा त्याच्या नळीत शिरते, म्हणून तपासायला लावलेला पंप नेहमी कमीच दाखवतो. काढताना होणारा फुस्स आवाज मात्र सहसा नळीतल्या हवेचा असतो, त्यानं घाबरायचं कारण नाही. शॉकचा व्हॉल्व्ह मोटारसायकलच्या ट्यूबसारखाच असल्यानं पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरचा मोह होतो. तो टाळलाच पाहिजे. एवढ्याशा कप्प्यात त्या हवेवर ताबा राहत नाही.

सॅग बरोबर असूनही उडी मारल्यावर शॉक तळाला आपटत असेल, तर बहुतेक जण आणखी हवा भरतात. त्यानं आपटणं थांबतं, पण लहान दगडांवर सायकल हाडं खिळखिळी करते. अशा वेळी कप्प्यात प्लास्टिकचे छोटे स्पेसर बसवावेत. जागा कमी झाली की बॉइलचा नियम शेवटच्या टप्प्यात अधिक जोर लावतो आणि सुरुवातीचा मऊपणा जवळपास तसाच राहतो. साध्या प्लास्टिकच्या तुकड्यानं सायकलचा स्वभाव असा बदलणं, ही या यंत्रातली सगळ्यात देखणी गोष्ट म्हणायला हवी.

हवा दाबली की उसळून परत येणारच. ती उसळी आवरण्याचं काम बारीक छिद्रांतून ढकललं जाणारं तेल करतं, आणि रिबाउंडची चावी त्याचा वेग ठरवते. ही चावी हवा ठरल्यावरच फिरवायची, कारण दाब वाढला की उसळीही वाढते. बसल्या बसल्या फुटपाथच्या कडेवरून उतरलं, की मागची बाजू एकदाच वर येऊन स्थिरावली पाहिजे. दोन-तीनदा नाचली तर रिबाउंड सैल आहे. उलट ओळीनं आलेल्या दगडांवर शॉक दबत दबत आखडत गेला, तर तो फार घट्ट आहे.

ऋतूही हिशेबात धरावा लागतो. इगतपुरीच्या थंडीत पहाटे १५ अंशांना २०० पीएसआय भरले आणि तोच शॉक एप्रिलच्या दुपारी भिवंडीत ३८ अंशांना तापला, तर गणितानं दाब सुमारे २१७ होतो. म्हणजे हिवाळ्यात जमलेला सॅग उन्हाळ्यात कमी भरतो.

पावसाळ्यात मुरुमाची बारीक रेव दांड्यावर चिकटते आणि सील कापते. फेरीवरून आल्यावर ओल्या फडक्यानं दांडा पुसावा. गाडी धुण्याचा जोराचा फवारा सीलवर कधीच मारू नये. रॉकशॉक्स आपल्या मागच्या शॉकच्या हवेच्या डब्याची देखभाल ५० तास चालवल्यावर करायला सांगते. दर शनिवार-रविवारी दोन-तीन तास चालवणाऱ्याचे हे तास दोन-तीन महिन्यांतच भरतात. आतलं सील गेलं, की हवा उलट बाजूच्या कप्प्यात अडकून शॉक दबलेलाच राहू शकतो. पंपाचा काटा शून्यावर आला तरी आत दाब कोंडलेला असतो. असा शॉक घरी पाना लावून उघडायचा नसतो. डबा सुटून तोंडावर येऊ शकतो. तो प्रशिक्षित मेकॅनिककडेच द्यावा.