मूल्यमापनाधिष्ठित प्रकल्पाचे नियोजन : पदवीस्तरावरील मराठीच्या अध्यापनासंदर्भात

१. प्रास्ताविक

परीक्षा व मूल्यमापन या संज्ञा व्यवहारात पर्यायी म्हणून वापरल्या जात असल्या, तरी त्यांची प्रयोजने भिन्न आहेत. परीक्षेचा निर्णय विद्यार्थ्यापुरता असतो. मूल्यमापनाचा रोख अध्यापनाकडेही असतो आणि विद्यार्थ्याला नेमके काय येत नाही व ते का येत नाही, याचा शोध त्यात अभिप्रेत असतो. हा शोध विशिष्ट प्रश्न, साधन व कालमर्यादा ठरवून घेतला आणि त्याच्या निष्कर्षानुसार अध्यापनात बदल केला, तर त्यास मूल्यमापनाधिष्ठित प्रकल्प म्हणता येईल. सोलापूर परिसरातील महाविद्यालयांतील मराठी विषयाच्या संदर्भात अशा प्रकल्पाचे नियोजन कसे करावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

विद्यापीठीय शिक्षणात एकच सुधारणा सुचवायची झाल्यास ती परीक्षापद्धतीची असावी, असा अभिप्राय डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १९४८-४९ मध्येच नोंदविला होता. कोठारी आयोगाने (१९६४-६६) हाच विचार पुढे नेला. १९९४ मध्ये नॅकची स्थापना झाली आणि पुढे तिच्या मूल्यांकनपद्धतीत अध्ययननिष्पत्तींची साध्यता हा मुद्दा आला. शिवाजी विद्यापीठाशी संलग्न असलेली सोलापूर जिल्ह्यातील महाविद्यालये २००४ मध्ये स्वतंत्र सोलापूर विद्यापीठाकडे आली. २०१९ पासून हे विद्यापीठ पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने ओळखले जाते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर अभ्यासपत्रिकेच्या आरंभी निष्पत्ती नमूद करणे हा सार्वत्रिक परिपाठ झाला आहे. तथापि निष्पत्ती छापणे आणि ती साध्य झाली किंवा कसे हे तपासणे, या दोन वेगळ्या गोष्टी होत.

२. एकूण गुणांची मर्यादा

निष्पत्तीची साध्यता ठरविण्याची रूढ रीत अशी की, ठरावीक टक्क्यांहून अधिक विद्यार्थ्यांना अमुक एका मर्यादेपेक्षा जास्त गुण मिळाले, की निष्पत्ती साध्य झाली असे मानावयाचे. ही रीत सोयीची असली तरी अध्यापकाला तिच्यातून काही कळत नाही. उदाहरणादाखल मराठी विशेष स्तराच्या दोन उत्तरपत्रिका घेऊ. दोहोंना शंभरपैकी ४२ गुण आहेत. पहिलीत काव्यवैशिष्ट्यांची गाईडमधील यादी सुबक अक्षरात व शुद्ध भाषेत उतरवलेली आहे. मात्र त्यातील एकाही विधानाला अभंगातील शब्दांचा आधार नाही. दुसरीत अभंगाचा भाव अचूक पकडलेला आहे, परंतु लिंगवचनाच्या व ऱ्हस्वदीर्घाच्या चुका पानोपानी आहेत. गुण सारखे असले तरी उणिवा परस्परभिन्न आहेत आणि त्यांवरील उपायही भिन्न आहेत.

सोलापुरात हा भेद विशेष महत्त्वाचा ठरतो. शहराच्या पूर्व भागातील पद्मशाली विणकर वस्तीतील विद्यार्थ्याची घरची भाषा बहुधा तेलुगू असते. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर या तालुक्यांतून येणाऱ्या अनेकांची ती कन्नड असते, तर काहींच्या घरी उर्दू बोलली जाते. करमाळा, माढा, सांगोला येथील विद्यार्थी मराठीभाषक असला, तरी त्याची बोली ग्रंथभाषेपासून दूर असते. अशा विद्यार्थ्याच्या लेखनातील चुकांमुळे त्याला साहित्य कळत नाही असा निष्कर्ष काढला गेला, तर त्याच्यावर अन्याय होतो. शिवाय उपायही चुकीचा योजला जातो: ज्याला शुद्धलेखनाचा सराव हवा, त्याला काव्यवैशिष्ट्यांची टिपणे मिळतात.

३. प्रश्नाची निवड

प्रकल्पाचा आरंभ साधनापासून न होता प्रश्नापासून व्हावा. ‘विद्यार्थ्यांची वाङ्मयीन अभिरुची वाढली काय?’ हा प्रश्न व्यापक असल्याने निरुपयोगी आहे. प्रश्न योग्य आहे की नाही, हे ओळखण्याची एक साधी कसोटी आहे. त्याचे उत्तर होकारार्थी आल्यास काय करावयाचे आणि नकारार्थी आल्यास काय, हे विभागाच्या बैठकीत आधी लिहून ठेवता आले पाहिजे. दोन्ही उत्तरांनंतर अध्यापन जसेच्या तसे राहणार असेल, तर मापनाचे श्रम व्यर्थ होत.

संत चोखामेळा यांच्या अभंगांचे अध्यापन हे या दृष्टीने उपयुक्त उदाहरण आहे. चोखोबांचे मंगळवेढे आणि महाद्वारासमोर त्यांची समाधी असलेले पंढरपूर ही दोन्ही स्थळे याच जिल्ह्यातील आहेत. ही समाधी अनेक विद्यार्थ्यांनी बालपणापासून पाहिलेली असते, अभंग कानांवरून गेलेले असतात. असे असूनही ‘चोखामेळ्यांच्या अभंगांची वैशिष्ट्ये स्पष्ट करा’ या प्रश्नाच्या उत्तरात आर्तता, सामाजिक वेदना, साधी भाषा अशी कोणत्याही संतकवीला लागू पडावी अशी शब्दमाला येते. ती पाठांतराची आहे की वाचनाची, हे त्या उत्तरावरून ठरविता येत नाही. म्हणून प्रश्न असा घ्यावा: वर्गात न शिकविलेला अभंग हाती दिल्यास, त्यात कोण, कोणाशी, कोणत्या नात्याने बोलत आहे, हे विद्यार्थी अभंगातील शब्दांच्या आधारे सांगू शकतो काय?

४. साधन व निकष

अपठित अभंग दूर शोधावे लागत नाहीत. चोखोबांच्या पत्नी सोयराबाई, पुत्र कर्ममेळा, बहीण निर्मळा व मेहुणे बंका या सर्वांची अभंगरचना उपलब्ध आहे. चोखोबांचे अभंग अभ्यासपत्रिकेत असतील, तर सोयराबाईंचा एक आणि कर्ममेळ्याचा एक अभंग चाचणीसाठी घेता येईल. जुन्या शब्दांचे अर्थ सोबत द्यावेत, कारण येथे शब्दसंग्रह तपासावयाचा नाही.

उत्तर एका पानाचे असावे व ते चार स्वतंत्र निकषांवर तपासावे : (अ) निवेदक व संबोधित यांची ओळख, (आ) आशयाचे आकलन, (इ) विधानास अभंगातील शब्दांचा आधार, (ई) लेखनाची भाषिक शुद्धता. प्रत्येक निकषाला ० ते ३ अशा श्रेणी द्याव्यात आणि प्रत्येक श्रेणीचे वर्णन एका वाक्यात लिहावे. चारही श्रेणींची बेरीज मात्र करू नये. बेरीज केली की वर दाखविलेला ४२ गुणांचा दोष पुन्हा शिरतो.

उत्तरांवर नावांऐवजी क्रमांक असावेत आणि दोन अध्यापकांनी ती एकमेकांच्या श्रेणी न पाहता तपासावीत. आरंभी पाच उत्तरे दोघांनी तपासून मतभेदांची चर्चा केल्यास निकषांचे अर्थ स्थिर होतात. चाळीस विद्यार्थ्यांची दोन वेळची मिळून ऐंशी उत्तरे होतात. प्रत्येकी दहा मिनिटे धरली, तर एका अध्यापकास तेरा-चौदा तास पुरतात. वर्ग मोठा असल्यास चिठ्ठ्या टाकून चाळीस उत्तरे निवडावीत. हुशार विद्यार्थ्यांची निवडून घेऊ नयेत.

५. अध्यापनातील बदल व तुलना

पहिल्या चाचणीनंतर बदल एकच असावा. उदाहरणार्थ, प्रत्येक अभंगाच्या विवेचनापूर्वी विद्यार्थ्यांनी दहा मिनिटे स्वतः वाचून ‘कोण, कोणाशी, कशावरून’ याची नोंद करावी आणि अध्यापकाने त्या नोंदींपासून विवेचन सुरू करावे. चोखोबांच्या ‘जोहार’ प्रकारच्या अभंगांत निवेदक ज्या सेवकाच्या भूमिकेतून बोलतो, ती ओळखल्याशिवाय अभंगाचा अर्थच उलगडत नाही. त्यामुळे अशा नोंदींचे महत्त्व विद्यार्थ्याला आपोआप पटते. वैशिष्ट्यांची यादी आधी न सांगता शेवटी वर्गाकडूनच तयार करून घ्यावी.

दुसऱ्या चाचणीतील प्रगती या बदलामुळेच झाली, असे लगेच मानता येत नाही. दुसरा अभंग सोपा असू शकतो. म्हणून निम्म्या वर्गाला आधी सोयराबाईंचा व नंतर कर्ममेळ्याचा, तर उरलेल्यांना उलट क्रमाने अभंग द्यावा. चौथा निकषही येथे उपयोगी पडतो. या बदलात शुद्धलेखनाचा सराव नाही. तरीही शुद्धता इतर निकषांइतकीच वाढलेली दिसली, तर प्रगतीचे कारण चाचणीचा सराव किंवा सत्रातील एकूण लेखन असण्याची शक्यता विचारात घ्यावी लागेल. चाळीस उत्तरांवरून दशांशापर्यंतच्या सरासऱ्या मांडण्यात अर्थ नाही. प्रत्येक श्रेणीत आधी किती विद्यार्थी होते व नंतर किती झाले, एवढे सांगणे पुरेसे व प्रामाणिक होय.

६. काही पथ्ये

या चाचणीच्या श्रेणी परीक्षेच्या गुणांत मिळवू नयेत, तसेच अध्यापकाची कामगिरी जोखण्यासाठी वापरू नयेत. अन्यथा उत्तरे आणि तपासणी दोन्ही सावध होतात. घरची भाषा विचारावयाची असल्यास उत्तर ऐच्छिक असावे. हे अभंग अस्पृश्यतेच्या दुःखाचे आहेत याचेही भान हवे. प्रश्नाचा रोख अभंगातील निवेदकावर असावा. विद्यार्थ्याला स्वतःची जात वा अनुभव उघड करावा लागेल, अशी प्रश्नाची शब्दयोजना टाळावी.

७. समारोप

प्रकल्प अहवालाने संपत नाही. सत्राअखेरीच्या बैठकीत आरंभीचे टिपण काढून ठरल्याप्रमाणे निर्णय घ्यावा व तो इतिवृत्तात नोंदवावा. प्रगती न दिसल्यास तेही स्पष्ट लिहावे, म्हणजे तोच प्रयत्न पुन्हा होणार नाही. निष्कर्ष अनुकूल असल्यास तो अभ्यासमंडळापर्यंत पोहोचविणे अगत्याचे आहे. वर्गात वाचन शिकविले आणि प्रश्नपत्रिकेने वैशिष्ट्यांची यादीच मागितली, तर विद्यार्थी गाईडकडेच वळणार, आणि त्यात त्याचा दोष म्हणता येणार नाही. प्रश्नपत्रिकेत अपठित अभंगावरील एक प्रश्न अनिवार्य झाला, तर समाधीसमोरून नित्य जाणाऱ्या विद्यार्थ्याला चोखोबांचे शब्द स्वतः वाचण्याचे शैक्षणिक कारण मिळेल.