मिठाच्या रस्त्यावरचा ट्रेलर

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात हिवाळा स्थिरावला की शुक्रवारी संध्याकाळी उत्तरेकडच्या महामार्गांवर हे ट्रेलर दिसू लागतात: पिकअप ट्रकला जोडलेले, पुढून निमुळते, आणि पोटात दोन-चार स्नोमोबाइल. या राज्यात बर्फावरच्या गाड्यांसाठी २२,००० मैलांहून अधिक लांबीच्या वाटा आहेत. पोलारिस कंपनी इथल्याच रोझो गावात वाढली, तर आर्क्टिक कॅट थीफ रिव्हर फॉल्समध्ये. गाड्यांचे कौतुक खूप होते. त्यांना तिथवर नेणाऱ्या ट्रेलरकडे मात्र तो रस्त्यात बंद पडेपर्यंत कुणी वळून बघत नाही, आणि हे मला खटकते.

रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून तिथे मीठ आणि क्लोराइडची द्रावणे टाकतात. उघड्या ट्रेलरवर तो खारा चिखल थेट गाड्यांवर उडतो, म्हणून लोक जास्त पैसे मोजून बंदिस्त ट्रेलर घेतात. पण परतताना प्रत्येक गाडीच्या पट्ट्यात आणि सस्पेन्शनमध्ये कित्येक किलो बर्फ अडकलेला असतो. दार लावले, घरी आले, थकून झोपले. ऊन पडले की तो बर्फ वितळतो, पाणी प्लायवूडच्या तळात मुरते, दमट हवा थंड छताला लागून पुन्हा थेंब धरते. बाहेरून मीठ आणि आतून ओल, असा दुहेरी मारा या ट्रेलरवर असतो.

सर्वात आधी तळ जातो. स्नोमोबाइलच्या स्कीच्या खाली कार्बाइडच्या धारदार पट्ट्या असतात. गाडी चढवता-उतरवताना त्या प्लायवूडवर चरे पाडतात आणि त्या चऱ्यांतून पाणी आत शिरते. म्हणून स्कीच्या मार्गावर जाड प्लास्टिकच्या पट्ट्या बसवणे ही पहिली सुधारणा. त्यासाठी पाडलेल्या प्रत्येक भोकात सीलंट भरायला हवे, नाहीतर तिथूनच कुजायला सुरुवात होते.

सांगाडा अ‍ॅल्युमिनियमचा म्हणून गंजाची चिंता नाही, हा समज चुकीचा आहे. अ‍ॅल्युमिनियमला पोलादी बोल्ट लागला आणि मध्ये खारे पाणी आले की अ‍ॅल्युमिनियम झिजू लागते. बोल्टभोवती पांढरी भुकटी दिसते ती त्याचीच. कोकणात समुद्रकाठी राहणाऱ्यांना खारी हवा लोखंडाचे काय करते ते माहीत आहे. इथे दोन धातूंची गाठ पडल्यामुळे नुकसान आणखी लवकर होते. उपाय साधा आहे. दोन धातूंमध्ये नायलॉनचे वायसर घालावे, आणि प्रत्येक फेरीनंतर खालची बाजू गोड्या पाण्याने धुवावी. वरचा रंग चकाकवण्यापेक्षा या धुण्याचे मोल जास्त आहे.

खरी कसोटी चाकांची. हब उघडून जुने ग्रीस बोटाने काढून पाहा. ते दुधाळ झाले असेल तर सील फाटून पाणी आत गेले आहे. बेअरिंग केरोसीनने धुवून, कोरडे करून प्रकाशात धरायचे. रोलरवर खड्डे किंवा निळसर डाग दिसले तर ते टाकून द्यायचे, बाहेरच्या रिंगसकट. नव्या बेअरिंगमध्ये ग्रीस तळहातावर घेऊन दाबून भरायचे, रोलरांच्या फटीतून दुसऱ्या बाजूला येईपर्यंत. सील मात्र दर वेळी नवीच. शेवटी हब फिरवत नट आवळायचा, मग सैल करून बोटांनी टेकेल इतकाच ठेवायचा आणि स्प्लिट पिन घालायची. जास्त आवळलेले बेअरिंग महामार्गावर तापून जळते. बाहेरच्या निपलमधून पंपाने भसाभस ग्रीस मारणारे बरेच असतात. ते ग्रीस मागची सील ओलांडून ब्रेकच्या लायनिंगवर जाते.

टायरची हवा थंडीतच मोजावी. पारा साडेपाच अंश सेल्सिअसने उतरला की दाब सुमारे १ पीएसआयने कमी होतो. उबदार गॅरेजात भरलेली हवा उणे २५ अंशांत सहा-सात पीएसआयने कमी भरते, आणि कमी हवेचा टायर ओझ्याखाली तापून फुटतो.

आतल्या सुधारणांत मी हवेच्या झरोक्यांना सर्वात वरचा मान देईन: एक पुढे खाली, एक छतात. ओल निघून जाते, आणि पेट्रोलची वाफही. त्या वाफेमुळेच बंद ट्रेलरात ज्योतीचा गॅस हीटर पेटवणे जिवावर बेतू शकते. कार्बन मोनॉक्साइडचा धोका वेगळाच. ज्यांना ऊब हवीच आहे त्यांनी, ज्वलनाची हवा बाहेरून घेणारा आणि धूर बाहेर सोडणारा हीटर जाणकाराकडून बसवून घ्यावा.

जुना ट्रेलर घ्यायला निघालात तर रंग आणि दिव्यांना भुलू नका. जमिनीवर आडवे होऊन खालून बघा. मग मागच्या दाराशी, जिथे पाणी साचते, तिथल्या प्लायवूडच्या कडेला पेचकस टोचा. तो सहज आत गेला तर व्यवहार तिथेच सोडा.