तिप्पट आकार, निम्मा नजराणा

मुंढव्यातील सुमारे 40 एकर महार वतनी जमिनीच्या 300 कोटींच्या व्यवहारावरून 2025 मध्ये गदारोळ उठला, तेव्हा अनेकांना पहिल्यांदाच प्रश्न पडला: वतनाची जमीन सरकारची कशी? उत्तर 1958 च्या मुंबई कनिष्ठ गाव वतने निर्मूलन कायद्यात आहे. गावकीच्या राबणुकीचा मोबदला म्हणून मिळालेल्या या जमिनींनी महारांना गावाच्या दावणीला बांधून ठेवलं होतं. डॉ. आंबेडकरांनी 1928 मध्येच वतन कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक मुंबईच्या कायदेमंडळात मांडलं होतं, ते याच कारणाने. अखेर 1 ऑगस्ट 1959 ला वतनं खालसा होऊन जमिनी सरकारजमा झाल्या. आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, तिप्पट रक्कम मुदतीत भरणाऱ्या वतनदाराला जमीन परत द्यायची, असं ठरलं. रक्कम किरकोळ होती, पण ती भरली नाही तर पिढ्यान्‌पिढ्या कसणाराच कागदावर अतिक्रमक ठरे. भरणाऱ्याच्या सातबाऱ्यावरही ‘नवीन अविभाज्य शर्त’ चढली: जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विक्री नाही, सरसनिरस वाटणी नाही, आणि विकायचीच तर सरकारला नजराणा, तोही बहुधा किमतीच्या निम्मा.

ही अट नसती तर पैसेवाल्यांनी जमिनी केव्हाच गिळल्या असत्या, असं म्हटलं जातं. भीती खरी आहे. परवानगीची अट म्हणूनच मला मान्य आहे. 2002 मध्ये इतर वतनांच्या शेतजमिनींची विक्री पूर्वपरवानगीतून मोकळी करताना महार वतन वगळलं गेलं, तेही समजू शकतं. पण नजराण्याचं काय? त्याने विक्री थांबत नाही, विकणाऱ्याच्या हाती पडणारी रक्कम तेवढी घटते. मग साठेखत आणि कुलमुखत्यारपत्राच्या आडवाटा निघतात. घेणारा नजराणा आणि जोखीम दोन्ही भावातून कापतो, आणि हा सगळा तोटा वारसाच्या माथी बसतो. सरकारी जमिनीच्या वाढलेल्या मोलात जनतेचा वाटा हवा, हा दुसरा युक्तिवाद. लिलावाने किंवा सवलतीत दिलेल्या भूखंडाला तो लागू पडेल. इथे मात्र सरकारने जमीन विकत घेतली नव्हती. ती राबणाऱ्यांची मजुरी होती, आणि तीच त्यांना पैसे घेऊन परत दिली गेली. म्हणून शासनाने परवानगीची अट ठेवावी, ती कसून पाळावी, आणि मूळ वतनदाराच्या वारसाकडून नजराणा घेणं बंद करावं.