सदाहरित वृक्षांचे वितरण व प्राचीन जलवायुमान

सदाहरित वृक्षांचे वितरण व प्राचीन जलवायुमान : ज्या वृक्षांची सर्व पाने एकाच ऋतूत गळून पडत नाहीत, ते सदाहरित वृक्ष होत. उष्ण कटिबंधातील अशा वृक्षांना उष्णता, भरपूर पाऊस व मुख्यतः अल्प कोरडा काळ यांची आवश्यकता असते. त्यामुळे जलवायुमान बदलले की त्यांच्या वनांच्या सीमाही सरकतात. त्यांचे सध्याचे वितरण केवळ आजच्या पर्जन्यमानावरून समजत नाही. ते पूर्वकालीन बदलांचे फलित आहे. भारतीय उपखंड हे याचे उत्तम उदाहरण होय.

सु. 5 कोटी वर्षांपूर्वी, इओसीन काळात, उत्तरेकडे सरकणारा भारतीय भूखंड विषुववृत्तीय पट्ट्यातून जात होता. त्या वेळी त्यावर विस्तृत वर्षावने होती. गुजरातमधील लिग्नाइटच्या थरांत सापडणारे राळेचे जीवाश्म (तृणमणी) डिप्टेरोकार्पेसी कुलातील वृक्षांपासून निर्माण झाले आहेत. आज मरुप्रदेश असलेल्या राजस्थानातील बारमेर व बिकानेर येथील लिग्नाइटातही उष्ण कटिबंधीय वनस्पतींचे परागकण आढळतात. पुढे मायोसीन काळात हिमालयाच्या पायथ्याशीही अशी वने होती. शिवालिक खडकांतील काष्ठांचे व पानांचे जीवाश्म त्याची साक्ष देतात. सु. 80 ते 60 लक्ष वर्षांपूर्वी पावसाचे ऋतुमान तीव्र होऊन कोरडा काळ वाढला. वायव्येकडील शिवालिक प्रदेशात वनांची जागा गवताळ प्रदेशांनी घेतली. सदाहरित वृक्ष मुख्यतः पश्चिम घाट, ईशान्य भारत, अंदमान बेटे व श्रीलंका यांपुरते उरले. नागचाफ्यासारख्या जाती आज पश्चिम घाटात व ईशान्य भारतात आढळतात. मधल्या विस्तीर्ण प्रदेशात त्यांची नैसर्गिक वने नाहीत.

अशा खंडित वितरणाविषयी निरनिराळी मते आहेत. सुंदरलाल होरा यांनी पहाडी ओढ्यांतील माशांच्या वितरणावरून 1949 मध्ये मांडलेल्या सातपुडा परिकल्पनेनुसार पूर्वी विंध्य-सातपुडा रांगांतून आर्द्र प्रदेशातील जीवांना दक्षिणेकडे जाण्याचा मार्ग उपलब्ध होता. हिमालय व निलगिरी या दोन्ही ठिकाणी वाढणाऱ्या ऱ्होडोडेंड्रॉनाच्या संदर्भातही हे मत विचारात घेतले जाते. तथापि त्याचे बी अतिशय बारीक असून वाऱ्याने पसरते. म्हणून त्याचा दूरवर प्रसार झाल्याची शक्यताही नाकारता येत नाही.

प्लाइस्टोसीन हिमकालांत दक्षिण भारतात हिमस्तर पसरले नाहीत. मात्र समुद्र थंड होऊन नैर्ऋत्य मोसमी वारे दुर्बल झाले व वने आक्रसली. निलगिरीतील पीटच्या थरांत कार्बनाच्या समस्थानिकांचे प्रमाण मोजून गेल्या सु. 20,000 वर्षांचा इतिहास अभ्यासला गेला आहे. गवतांचे व वृक्षांचे अवशेष या प्रमाणावरून ओळखता येतात. शेवटच्या हिमकालाच्या कडक कालखंडात तेथे उष्ण प्रदेशीय गवतांचा भर होता. होलोसीनच्या प्रारंभी पाऊस वाढल्यावर वृक्षांचे प्रमाण वाढले. हवेतील कार्बन डाय-ऑक्साइडाचे त्या वेळचे अल्प प्रमाणही गवतांना अनुकूल होते. त्यामुळे हा बदल सर्वस्वी पावसामुळे झाला असे म्हणता येत नाही.

कोरड्या काळात दक्षिण सह्याद्रीच्या दऱ्या व पाणथळ उतार ही वृक्षांची आश्रयस्थाने ठरली. द्वीपकल्पातील एकमेव देशी शंकुमंत वृक्ष, नागेइया वालिचियाना, तेथेच टिकून आहे. उत्तरेकडे जाताना कोरडा काळ दोन-तीन महिन्यांवरून सात-आठ महिन्यांपर्यंत वाढतो व जातींची संख्या घटते. महाबळेश्वरी सु. 600 सेंमी. पाऊस पडूनही तो थोड्या महिन्यांतच पडतो. म्हणून तेथील वन अंजनी, जांभूळ व पिसा यांसारख्या मोजक्या जातींचे व तुलनेने ठेंगणे आहे.

अनेक सदाहरित वृक्षांचे बी थोड्याच दिवसांत उगवणशक्ती गमावते व मोठ्या बियांचा प्रसार धनेशासारख्या पक्ष्यांवर अवलंबून असतो. म्हणून हे वृक्ष पिढ्यान्‌पिढ्या सलग वनांतूनच सरकू शकतात. पूर्वी बदल हजारो वर्षांत होत व वनांना मार्ग मोकळे असत. आता तापमान वेगाने वाढत असून शेती, मळे, रस्ते व धरणे यांनी वने तुकड्यातुकड्यांत विभागली आहेत. पश्चिम घाटातील 39 स्थळांचा 2012 मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाला. तथापि विखुरलेली वने राखण्याइतकेच त्यांना जोडणारे वनपट्टे राखणेही महत्त्वाचे आहे.