समुद्राला फटके देणारा राजा आणि आपला शिमगा

मुळशीहून ताम्हिणी घाट उतरलं की रायगड जिल्हा, म्हणजे बेने इस्राएल यहुद्यांचं जुनं घरदार. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. त्यांच्याकडेही ‘होळीचा सण’ असायचा बरं का! फक्त त्यात होलिका नाही. आहे हामान नावाचा कपटी प्रधान आणि त्याचा धनी, बायबलमधला राजा अहश्वेरोश. सणाचं मूळ नाव पुरीम.

हा अहश्वेरोश म्हणजे इराणचा सम्राट झर्क्सीस (इ. स. पू. ४८६ ते ४६५), असं बहुतेक अभ्यासक मानतात. भारी वल्ली! ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो, ग्रीसच्या स्वारीसाठी समुद्रावर बांधलेला पूल वादळानं मोडला तर पठ्ठ्यानं समुद्रालाच ३०० फटके मारायला लावले, वर पाण्यात बेड्याही टाकल्या. पूल बांधणाऱ्यांची मुंडकी उडवली ती वेगळीच. वाटेत एक चिनार आवडला, तर त्याला सोन्याचे दागिने घातले. त्याच्या फौजेत सुती कपड्यांतले हिंदी तिरंदाजही होते.

बायबलमध्ये त्याचं राज्य हिंदुस्थानापासून कूशपर्यंत, १२७ प्रांतांचं. मेजवानी चालली १८० दिवस. ती संपल्यावर राजधानीतल्या लोकांसाठी आणखी सात. शेवटच्या दिवशी दारूच्या तारेत त्यानं वश्ती राणीला पाहुण्यांपुढे मिरवायला बोलावलं. ती सरळ आलीच नाही! अख्ख्या गोष्टीत मला तीच आवडते. तिचं राणीपद गेलं आणि नव्या राणीचा शोध सुरू झाला. निवडीआधी मुलींना वर्षभर उटणी: सहा महिने गंधरसाचं तेल, सहा महिने सुगंधी द्रव्यं. निवडली गेली यहुदी एस्तेर. यहुद्यांच्या कत्तलीचा हामानचा डाव तिनंच उधळला आणि तिचा चुलतभाऊ मर्दखय याच्यासाठी उभारलेल्या पन्नास हात उंच खांबावर हामान स्वतःच लटकला. पण कत्तलीचा हुकूम? राजमुद्रेचा हुकूम खुद्द राजालाही मागे घेता येईना, म्हणून यहुद्यांना प्रतिकाराची मुभा देणारा दुसरा हुकूम काढला. सरकारी कारभार तेव्हाही असाच!

पुरीमच्या आदल्या दिवशी एस्तेरचा उपास. सणाला सिनेगॉगमध्ये ही गोष्ट वाचताना हामानचं नाव आलं रे आलं की पाय आपटून, खुळखुळे वाजवून नुसता कल्ला. शिमग्याची बोंबच म्हणा ना!

पुरीम अदार महिन्याच्या चौदाव्या तिथीला, होळी फाल्गुनी पौर्णिमेला. दोन्ही पंचांगं चंद्रावर चालणारी, दोन्हींत अधिक महिन्याची सोय, त्यामुळे सण बहुधा शेजारी-शेजारीच येतात. २०२५ मध्ये पुरीम आणि धुळवड एकाच दिवशी होती, १४ मार्चला. पुरीमला चार घोट जास्त घ्यायची रूढी आहे. ती धुळवडवाल्यांना कुणी शिकवायला नको.