गिझर लावला की वीज का जाते?

जयपूरच्या थंडीत गिझरला सुट्टी नसते. शहराला बनास नदीवरच्या बिसलपूर धरणाचं पाणी मिळतं, पण बोअरवेलवर चालणारी घरंही आहेत आणि ते पाणी जड. तापलं की त्यातले क्षार एलिमेंटवर पांढरे खपले धरतात. उष्णता आतच कोंडते, एलिमेंटच्या नळीला बारीक चीर पडते. नळीत तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासलेली असते; ती ओल शोषते आणि प्रवाह टाकीच्या पत्र्यात उतरू लागतो. 30 मिलिअँपिअर गळतीला घरातला आरसीसीबी (गळती पकडून वीज तोडणारा स्विच) ट्रिप होतो, तो तुमचा जीव वाचवायला. त्याला कृपा करून बायपास करू नका!

मेन स्विच बंद करा, कोरड्या हातांनी गिझरचा प्लग काढा, मग मेन स्विच पुन्हा सुरू करून आरसीसीबी चढवा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. न्यूट्रलमधली गळतीही त्याला पाडू शकते. आता तो टिकला, तर संशय गिझरवर. तरीही पडला, तर वायरिंग किंवा दुसरं उपकरण. झाकण उघडणं मात्र इलेक्ट्रिशियनचं काम. त्याला अर्थिंगही मोजायला सांगा: कोरड्या, रेताड जमिनीत अर्थिंगचा खड्डा सुकला की त्याचा रोध वाढतो, म्हणून उन्हाळ्यात त्यात अधूनमधून पाणी ओतावं लागतं.