विंचूरला जाताना…

नाशिकहून छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्याने निफाड मागे टाकलं की विंचूर. बहुतेक गाड्या थांबत नाहीत, येवल्याच्या पैठणीची घाई असते. तुम्ही थांबा.

गाव विंचूरकरांच्या जहागिरीचं. मूळपुरुष विठ्ठल शिवदेव, १७६१ला पानिपतावर लढून परतलेले सरदार. याच घराण्याच्या पुण्यातल्या वाड्यात टिळकांनी १८९४ला गणपती बसवला. नाव पुण्यात गाजलं, गाव इथेच राहिलं.

सुटीचा वार टाळा, म्हणजे कांद्याचा लिलाव दिसेल. ट्रॅक्टरची रांग, व्यापारी मूठभर कांदे उचलून साल चोळून बघतो आणि पुढच्या ट्रॉलीकडे सरकतो. शेतकऱ्याच्या चार महिन्यांच्या कष्टाचा भाव अर्ध्या मिनिटात ठरतो! लासलगावची मोठी बाजारपेठही इथून हाकेच्या अंतरावर.

गावालगत औद्योगिक वसाहतीत वाइन पार्क आहे, २००१च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणातून आलेलं. द्राक्षाचा हंगाम साधारण जानेवारी ते मार्च.

थंडीत गेलात तर पहाट नांदूर मध्यमेश्वरला काढा. २०२०मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालेलं हे पाणपक्ष्यांचं ठिकाण निफाड तालुक्यातच आहे. दुर्बीण घ्या, स्वेटर विसरू नका.